विजेच्या सायकलीवरील सैल बॅटरी : निदान व दुरुस्ती

मुरुडच्या किनाऱ्यावरील वाडीच्या धन्यास जीं कामें पहांटेपासून करावीं लागतात, त्यांत माल बाजारांत पोंचविण्याचें काम दिसावयास किरकोळ, परंतु वेळ खाण्यांत तें सर्वांच्या पुढें असतें. दहा शहाळीं, अर्धें पोतें असोली सुपारी किंवा वाडीवरच्या गड्यांची न्याहारी एवढ्याच ओझ्याकरितां टेंपो करणें परवडत नाहीं, आणि डोक्यावरून न्यावें तर मान राहत नाहीं. अशा मधल्या कामास विजेची सायकल फार सोयीची आहे. जिच्या मोटरची शक्ति २५० वॅटपेक्षां कमी व वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षां कमी आहे, अशी ठराविक अटींत बसणारी सायकल केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें मोटारवाहन गणली जात नाहीं. त्यामुळें नोंदणीची व परवान्याची यातायात नाहीं. आपल्या बागाइतदार बंधूंपैकीं जे ती बाळगतात, किंवा घेण्याच्या विचारांत आहेत, त्यांच्याकरितां हा लेख आहे. विषय लहान आहे : सायकलीवर बॅटरी नीट न बसणें. परंतु या लहान दोषाची हयगय केली तर सायकलीचा सर्वांत मोलाचा भाग वायां जातो, आणि प्रसंगीं घरासही धोका पोंचतो.

लेखास निमित्त झाले आमचे एक स्नेही. मुरुडास त्यांची माड-पोफळींची वाडी आहे. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळानें रायगडच्या किनाऱ्यावर जो कहर केला, त्यांत तिच्यांतील बरेच माड लोळले. नवी लावणी झाली, पण वाडीचें उत्पन्न पूर्वीच्या मापास आलेलें नाहीं. म्हणून खर्चाचा प्रत्येक रुपया ते मोजून करतात. एकदऱ्याचा पूल ओलांडून ते राजपुरीच्या चढणीस लागले कीं खड्ड्यासरशी सायकलीचा जोर तुटे. पडद्यावरील आंकडे विझत आणि क्षणानें पुन्हां उजळत. एका कारागिरानें पाहून “मोटर गेली” असा निकाल दिला व नव्या मोटरची किंमत सांगितली. तेव्हां ते सायकल घेऊन आमच्या पडवींत आले.

आम्हीं मोटरीस हात लावण्यापूर्वीं बॅटरी दोन्ही हातांनीं धरून हलविली. ती चांगली दीड सूत, म्हणजे सुमारें ५ मिलीमीटर, इकडून तिकडे हालत होती. फटींत त्यांनींच पोफळीच्या विरीची घडी कोंबलेली होती. पावसांत ती भिजून कुजली होती आणि तिच्या ओलीनें शेजारचीं पितळेचीं पातीं हिरवीं पडलीं होतीं. मोटर निर्दोष होती. आजार बैठकीचा होता, आणि उपचार मोटरीवर होणार होता.

सैलपणानें काय बिघडतें

बॅटरी ही एकसंध वस्तु नव्हे. बोटाएवढ्या अनेक लिथियम-आयन घटांची ती पेटी असते. असे घट १९९१ सालीं जपानांत प्रथम बाजारांत आले. त्यांच्या शोधाबद्दल तिघां शास्त्रज्ञांस २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. एका घटाचा दाब सरासरी ३.६ व्होल्ट असतो. असे १० घट एकामागें एक जोडले म्हणजे ३६ व्होल्ट होतात, आणि सांठा वाढावा म्हणून प्रत्येक पायरीवर दोन, तीन किंवा अधिक घट शेजारीं शेजारीं जोडतात. अशी दोन ते चार किलो वजनाची पेटी पुष्कळ सायकलींत खालच्या तिरप्या नळीवर बसविलेल्या रुळावर सरकून बसते. तिच्या एका टोंकाचीं तोंडें बैठकींतील पितळेच्या पात्यांस मिळतात, आणि वरून चावीचें कुलूप लागतें.

आतां ही पेटी सैल राहिली तर तीन प्रकारची हानि होते. पहिली हानि सांध्याची. सपाटीवर मोटर सुमारें ७ अँपिअर प्रवाह ओढते. चढणीवर तो १२ अँपिअर किंवा त्याहून अधिक होतो. पातीं नीट मिळालीं असतां सांध्याचा विरोध ओहमच्या पांच हजारांश भागाएवढा धरला, तर १२ अँपिअरला तेथें एक वॅटसुद्धां उष्णता होत नाहीं. तोच सांधा सैल व मळका होऊन विरोध एक दशांश ओहमवर गेला, तर तेथें चौदा वॅटांहून अधिक उष्णता निघते. कथलाचा डाख देण्याच्या लहान विजेच्या हत्यारास जेवढी शक्ति लागते, तेवढी ही उष्णता नखाएवढ्या पात्यांत सांठते. शिवाय प्रत्येक हादऱ्यास सांधा तुटतो व जुळतो, आणि तुटतांना ठिणगी पडते. ठिणगीनें पातें काळवंडतें, काळ्या पात्याचा विरोध वाढतो, विरोधानें उष्णता वाढते. असें हें चक्र एकदां सुरू झालें कीं आपोआप थांबत नाहीं.

दुसरी हानि पेटीच्या आंतली. घट एकमेकांस पातळ निकेलच्या पट्ट्यांनीं जोडलेले असतात. पेटी दिवसभर आपटत राहिली तर पट्टीचा जोड सुटूं शकतो किंवा तारेवरील आवरण झिजूं शकतें. हें बाहेरून दिसत नाहीं. तिसरी हानि उघड आहे : कुलपाची जीभ झिजून पेटी एके दिवशीं रस्त्यावर पडते. औताची पाचर सैल राहिली तर आधीं भोंक मोठें होतें आणि मग लांकूड चिरतें, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. येथेंही तोच न्याय आहे.

आधीं पेटी पाहावी, मग बैठक

दुरुस्तीस बसतांना सायकल बंद करावी, चावी फिरवून बॅटरी काढावी, आणि ती कोरड्या लांकडी पाटावर ठेवावी. हातांतील अंगठी व कडें काढून ठेवावें. बॅटरी बाहेर काढली तरी तिच्यांतील वीज जागीच असते. ३६ व्होल्टांचा झटका कोरड्या हातास सहसा लागत नाहीं, परंतु पाना दोन तोंडांवर आडवा पडला तर तो क्षणांत लाल होतो. म्हणून काम चालू असेपर्यंत तोंडांवर चिकटपट्टी लावावी.

यानंतर पहिला प्रश्न स्वतःस असा विचारावा : ही बॅटरी पूर्वीं नीट बसत होती काय? पहिल्या दिवसापासूनच ती सैल असेल तर दोष बैठकीचा समजावा. हळूहळू सैल झाली असेल तर स्क्रू किंवा झीज पाहावी. परंतु जी पूर्वीं सहज सरकत होती ती आतां घट्ट होऊं लागली, दाबल्याशिवाय बसेना, किंवा कुलूप लागेना, तर बैठकीस हात लावूं नये. आधीं बॅटरीच तपासावी. पेटीच्या प्रत्येक बाजूवर सरळ लांकडी पट्टी उभी धरून पट्टीखालून उजेड दिसतो काय तें पाहावें. पट्टी मधल्या भागीं टेंकून दोन्ही टोंकांशीं उजेड दिसला, तर ती बाजू बाहेर आली आहे. चपट्या पाकिटासारख्या घटांच्या पेटींत घट फुगून असें होतें. गोल घटांत फुगणें क्वचित् घडतें, परंतु उष्णतेनें प्लॅस्टिकची पेटी वांकडी होऊं शकते. दोन्ही चिन्हें वाईटच. त्याबरोबर गोडसर उग्र वास, चीर, पोंचा किंवा आंत पाणी शिरल्याची खूण आढळली, तर ती बॅटरी पुन्हां सायकलीवर चढवूं नये आणि चार्जही करूं नये. घरापासून दूर, सावलींत, दगडी जागेवर ठेवून विक्रेत्यास कळवावें. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ यांनीं जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. ती भंगारांत घालूं नये, पुरूं नये व खाडींत तर मुळींच टाकूं नये.

बैठक सरळ करणें

बॅटरी निर्दोष ठरली म्हणजे रुळाकडे वळावें. रूळ नळीस दोन किंवा तीन स्क्रूंनीं धरलेला असतो; बहुधा पाण्याच्या बाटलीकरितां पाडलेलींच तीं भोंकें असतात. आमच्या स्नेह्यांच्या सायकलीचे दोन्ही स्क्रू अर्धवट सुटलेले होते. दीड सुतांपैकीं एक सूत सैलपणा तेथेंच होता! बॅटरी रुळांत हालत होती तिच्यापेक्षां रूळच नळीवर अधिक हालत होता.

स्क्रू एकेक करून बाहेर काढावे, आटे पुसावे, मळसूत्र धरून ठेवणाऱ्या द्रवाचा एक थेंब लावावा, खालीं स्प्रिंग वॉशर घालावें आणि आळीपाळीनें आंवळावे. पूर्ण जोर लावूं नये. नळी ॲल्युमिनियमची असेल तर तिचे आटे मऊ असतात. एकदां गेले म्हणजे काम लोहारापलीकडचें होतें. स्क्रूचें डोकें रुळाच्या पृष्ठावर उचलून राहिलें तर बॅटरी त्यावर चढते आणि डुलते. म्हणून जागा असेल तसें चपट्या डोक्याचेंच स्क्रू घ्यावेत. नळी गोल व रुळाची पाठ सपाट असेल तर रूळ कुशीवर कलतो. तेव्हां रूळ व नळी यांच्यामध्यें दोन्ही कडांस रबराची सारखी पट्टी द्यावी, म्हणजे रुळास बसावयास मांडी मिळते. शेवटीं रुळाच्या कडेनें दोरा ताणून तो सरळ आहे कीं नाहीं तें पाहावें.

फट शोधून भरणें

रूळ पक्का झाल्यावर राहिलेली हालचाल कोणत्या बाजूची आहे तें ठरवावें. सुतार सांधा बसवितांना जी युक्ति करतो तीच येथें चालते. रुळाच्या कडांस कोरडा खडू चोळावा, बॅटरी एकदां सरकवून बाहेर काढावी. जेथें खडू पुसला तेथें ती टेंकते, जेथें शाबूत राहिला तेथें फट आहे. पात्यांच्या बाजूस मात्र खडू जाऊं देऊं नये. फटीची जाडी मोजण्यास पोस्टकार्डाच्या पट्ट्या एकावर एक सारून पाहाव्या. जितक्या पट्ट्या सहज जातात, तितकी भर पाहिजे.

भरीस सायकलीची जुनी ट्यूब उत्तम. ती पाणी पीत नाहीं, दबून परत वर येते, आणि घरांत पडलेलीच असते. बोटाएवढ्या रुंद पट्ट्या कापून, जागा स्पिरिटानें पुसून, रबराच्या चिकटद्रव्यानें त्या रुळास चिकटवाव्या. बॅटरीस चिकटवूं नयेत. ती वारंवार काढावी लागते आणि पट्टी सुटून पात्यांत जाते. दोन्ही बाजूंस सारखी भर द्यावी, नाहींतर पेटी एका अंगास ढकलली जाऊन पातीं तिरपीं मिळतात. पात्यांच्या तोंडाशीं आणि पाणी निघून जाण्याच्या भोंकांवर भर कधींही घालूं नये.

आपल्या वाडींत हाताशीं असलेल्या वस्तूंचा मोह येथें आवरला पाहिजे. विरी, काथ्या, गोणपाट, पुठ्ठा हे सर्व ओल धरतात, आणि किनाऱ्यावरील ओल खारी असते. पत्र्याचा तुकडा त्याहून वाईट. तो पेटी कापतो, आणि सरकून पात्यांवर गेला तर दोन तोंडें एकमेकांस जोडतो.

भर किती असावी याची खूण सोपी आहे. बॅटरी तळहाताच्या दाबानें जागीं गेली पाहिजे, कुलपाची जीभ चावीनें विनासायास फिरली पाहिजे, आणि धरून हलविली तर सायकल हालली पाहिजे, बॅटरी नव्हे. हातोडीची किंवा गुडघ्याची गरज पडली तर भर जास्त झाली. मग पट्टी काढावी. पेटी कानशीनें घांसूं नये. पेटीची भिंत पातळ असते आणि तिच्या मागें घटच असतात. दुसऱ्या बनावटीची बॅटरी आकारानें जुळते म्हणून बसविण्याचाही प्रयत्न करूं नये. बाहेरचा आकार सारखा असून आंतील दाब वेगळा असणें, किंवा धन-ऋण तोंडें उलट असणें, हें घडतें. घरच्या किल्लीनें शेजाऱ्याचें कुलूप उघडलें म्हणून तें घर आपलें होत नाहीं.

पातीं, पट्टा व ओझें

खाऱ्या वाऱ्याचा पहिला हल्ला पितळेवर होतो. पातीं हिरवीं किंवा पांढुरकीं दिसलीं तर आयसोप्रोपिल स्पिरिटांत भिजविलेल्या सुती चिंधीनें बैठकींतील बाजू पुसावी, पूर्ण वाळूं द्यावी, आणि विजेच्या जोडांकरितां मिळणाऱ्या सिलिकोन वंगणाचा अगदीं पातळ हात द्यावा. पॉलिशपेपर लावूं नये; वरचा मुलामा गेला कीं पातें आठ दिवसांत पुन्हां हिरवें होतें. पातें काळें पडून खड्डे पडले असतील, किंवा भोंवतालचें प्लॅस्टिक वितळलें असेल, तर बैठकीचा तो भागच जाणत्या कारागिराकडून बदलून घ्यावा. जळलेलें पातें पुसून चांगलें होत नाहीं.

कुलूप हें मुख्यतः चोराकरितां आहे. खडकाळ रस्त्याचा भार एकट्या जिभेवर टाकूं नये. बॅटरी व नळी यांच्याभोंवतीं एक रुंद व्हेल्क्रोचा पट्टा घ्यावा. तो इतकाच ताणावा कीं पेटी आवळली न जातां केवळ उचलूं नये. ब्रेकच्या व विजेच्या तारा त्याच्याखालीं सांपडूं देऊं नयेत. पट्ट्याकरितां पेटीस भोंक पाडणें हें तर अविचाराचें टोंक होय.

ओझ्याची चालही सुधारली पाहिजे. सोलण्यापूर्वींचा नारळ किलोच्या घरांत जातो. असे वीस नारळ पिशवींत भरून दांड्यास लोंबकळविले, तर प्रत्येक वळणावर पिशवी बॅटरीस धक्के देते आणि केलेली दुरुस्ती महिनाभरांत फुकट जाते. ओझें मागच्या कॅरिअरवर, दोन्ही बाजूंस सारखें बांधावें. पुळणींतून सायकल नेल्यास घरीं येऊन ओल्या फडक्यानें पुसावी; नळाचा जोरदार फवारा बैठकीवर मारूं नये.

परीक्षा

काम पुरें झालें असें वाटल्यावर पुढचें चाक वीतभर उचलून सोडावें. फक्त टायरचा आवाज यावा; मधूनच ‘खट्’ असा आवाज आला तर कोठेंतरी फट उरली आहे. नंतर ओझ्याशिवाय पांचएक किलोमीटर जाऊन यावें, बॅटरी काढून पात्यांजवळ हाताची पाठ न्यावी. कोमट असणें चालेल. चटका जाणवला तर सांधा अजून वाईट आहे. पंधरा दिवसांनीं स्क्रू पुन्हां पाहावे, पुढें महिन्यास एकदां, आणि पावसाळ्यांत दर आठवड्यास.

आमच्या स्नेह्यांची सायकल एवढ्यावर सुधारली. दोन वॉशर, ट्यूबच्या चार पट्ट्या, एक पट्टा व सकाळचे दोन तास, एवढाच खर्च. राजपुरीची चढण ती आतां न अडखळतां चढते, आणि नव्या मोटरचे पैसे वाडीच्या खतास गेले.

पण त्याच आठवड्यांत त्यांचे शेजारी आपली बॅटरी घेऊन आले. “तुमची सैल होती, माझी घट्ट झाली आहे, थोडी कानस मारून द्या,” असें त्यांचें म्हणणें. आम्हीं पट्टी लावून पाहिली, तों एक बाजू जवळजवळ एक सूत बाहेर आलेली. ती बॅटरी ते रोज रात्रीं माजघरांत चार्ज करीत. बाजूला सुपारीचीं पोतीं व वर माळ्यावर वाळल्या झावळ्या. त्या दिवशीं कानस पेटीस लागली असती तर पुढें काय झालें असतें, हें लिहून दाखविण्याची आवश्यकता नाहीं. २०२२ सालीं देशांत विजेच्या दुचाक्यांस आगी लागण्याचे जे प्रकार घडले, त्यांनंतर अशा गाड्यांच्या बॅटऱ्यांच्या चांचण्यांचे नियम त्याच वर्षाच्या डिसेंबरापासून सरकारनें कडक केले. परंतु नियम कितीही कडक असले, तरी पेटीवर रोज पडणारी नजर मालकाचीच. ती बॅटरी विक्रेत्याकडे परत गेली. शेजाऱ्यांस कांहीं दिवस पायीं चालावें लागलें, याचें त्यांस वाईट वाटलें; आम्हांस वाटलें नाहीं.

म्हणून बंधूंनीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. सैल बॅटरी हें बैठकीचें दुखणें; तें रबरानें, स्क्रूनें व थोड्या धीरानें घरच्या घरीं बरें होतें. जी बसत होती ती बसेनाशी होणें हें बॅटरीचें दुखणें. त्यावर घरगुती औषध नाहीं. आणि बॅटरी कशीही असो, चार्ज करतांना ती फरशीवर, झावळ्या, सोडणें व पोत्यांपासून दूर, आणि घरांतील माणसें जागीं असतांनाच ठेवावी. सायकलीवरून आल्याबरोबर लावूं नये. आधीं ती निवूं द्यावी. तिच्यांतून धूर किंवा फुसफुसणें सुरू झालें, तर ती उचलून बाहेर नेण्याच्या फंदांत न पडतां प्रथम माणसें बाहेर काढावीं व १०१ वर अग्निशमनास कळवावें. वादळांत गेलेली वाडी कष्टानें पुन्हां उभी राहते, हें मुरुडकरांनीं दाखविलें आहे. पाहण्याच्या आळसानें पुन्हां कांहीं गमावण्याची पाळी कोणावर येऊं नये, एवढीच इच्छा.